धाडस मुलींकडे मागू नका

विज्ञानात स्त्रिया मागे का, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि ८ मार्चचा महिला दिन, या आठ-नऊ दिवसांत ते गावोगाव ऐकू येतं. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात, शिक्रापुरात, न्हावऱ्याला, पलीकडे दौंडला, जिथं शाळा-कॉलेजाच्या पटांगणात मांडव पडतो तिथं पाहुणे सांगतात: मुलींनो, बुद्धीत तुम्ही कुठंच कमी नाही, कमी पडतं ते धाडस. संधी सांगून येत नाही. ती अचानक समोर उभी राहते आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही कचरता. मग कमला सोहोनींचं नाव निघतं, इरावती कर्व्यांचं निघतं, अंटार्क्टिकाला गेलेल्या अदिती पंतांचं निघतं. टाळ्या पडतात आणि कार्यक्रम आटोपतो.

असं बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुलींचं भलं व्हावं असंच त्यांना मनापासून वाटतं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते निरुपद्रवीही नाही. त्याचा सरळ अर्थ असा होतो की जी मुलगी मागे राहिली ती स्वतःच्या भित्रेपणामुळे राहिली. मग घराचा दोष उरत नाही, कॉलेजचा उरत नाही, सरकारचा उरत नाही. मांडवात बसलेली सतरा वर्षांची पोर मात्र घरी जाताना एक जास्तीचं ओझं घेऊन जाते. बारावी सायन्सच्या मुलींना शिकवण्यात माझी उमर गेली. त्या मुलींच्या वतीनं या विधानाला उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

ज्यांची नावं घेतली जातात, त्यांच्याच हकिकती पुऱ्या वाचू या.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी अव्वल क्रमांकानं झालेल्या कमला भागवतांनी, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांना नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारला गेला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलणार नाही असं सांगून सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावं लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. बरोबरच्या एकाही मुलाला या अटी नव्हत्या. वर्ष पुरं झाल्यावर रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

हा प्रसंग 'मुलींनो, धाडस करा' याचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो नीट तपासावासा वाटतो. त्या खोलीत दोन माणसं होती. परक्या शहरात जगप्रसिद्ध माणसापुढे उभी राहिलेली एक तरुण मुलगी, आणि समोर सगळे अधिकार हातात असलेला शास्त्रज्ञ. धाडस कमी कुणाकडे होतं? मुलीकडे ते पुरेपूर होतं, तिला कुणाचं व्याख्यान लागलं नव्हतं. प्रकाशाच्या विकिरणाबद्दल जगाला नवं काही सांगणाऱ्या माणसाला मात्र एका मुलीला टेबल देताना भीती वाटली. काही बिघडलं तर काय, ही ती भीती. रामन यांच्या मोठेपणाबद्दल मला आदर आहे, पण या प्रसंगात कचरले ते रामन. आपण मात्र नव्वद वर्षं हा धडा मुलींना शिकवत आलो आहोत. तो संचालकांना शिकवायला हवा होता.

व्यासपीठावर कधीच न येणारी आणखी एक गोष्ट आहे. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळुरूच्या याच संस्थेत शिकलेले होते. नकाराचं पत्र आलं तेव्हा हा नकार न्यायाचा नाही हे ओळखणारी दोन माणसं घरातच होती. संस्था म्हणजे काय, तिथं दिवस कसा जातो, संचालकाला भेटायला जाता येतं का, हे सगळं त्या घराला ठाऊक होतं. ज्या घरात कुणी प्रयोगशाळेची पायरी चढलेलं नाही तिथं असं पत्र आलं तर ते शेवटचं समजलं जातं. त्या घरची मुलगी भित्री असते म्हणून तसं होत नाही. नकारावर दाद मागता येते, हेच तिथं कुणी पाहिलेलं नसतं.

पुढं कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत जागा भरलेल्या होत्या. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं दिवसा स्वतःचं टेबल त्यांना देऊ केलं आणि आपलं काम रात्रीवर नेलं. ही नोंद मला फार मोलाची वाटते. बंगळुरूत एका बाईला रात्रीच्या कामाची अट घातली गेली होती, आणि इथं एक पुरुष तिला दिवस मिळावा म्हणून आपण होऊन रात्रपाळी घेत होता. त्या आधारावर कमलाबाईंनी पुढं बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असल्याचं दाखवलं. १९३९ मध्ये, जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. रिश्टरचं नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कुणी घेतं.

आता इरावतीबाई. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम, स्त्रियांसाठी विद्यापीठ, सगळं आयुष्य बायकांच्या शिक्षणासाठी झिजवलेला माणूस. पण मुलगा दिनकर जेव्हा बायकोला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचं म्हणू लागला तेव्हा महर्षींचा त्याला विरोध होता. महर्षींना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्यांच्या घरात स्त्रीशिक्षण हेच व्रत होतं त्यांनाही आपल्या सुनेच्या बाबतीत ते पाऊल जड गेलं, मग आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या बापांना जड जाणार नाही का? इरावतीबाई गेल्या त्या दिनकररावांनी पाठ राखली म्हणून आणि जीवराज मेहतांनी कर्ज दिलं म्हणून. धाडस इरावतीबाईंचं होतंच. पण ते नवऱ्यानंही केलं, आणि पैसे देणाऱ्यानंही केलं. या दोघांना वगळून ती हकिकत सांगणं खोटं आहे.

बर्लिनमध्ये त्यांनी जे केलं ते मात्र सर्वस्वी त्यांचं एकटीचं. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचा सिद्धांत मांडणारे. त्यांच्या संशोधनाचा आधार पुढं नाझींनी घेतला. इरावतीबाईंना त्यांनी विषय दिला कवट्यांचा: डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध तपासायचा. गोऱ्यांच्या कवटीत बुद्धीशी जोडता येईल असं काही वेगळं सापडावं, ही अपेक्षा. परदेशातली विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, पदवी याच माणसाच्या हातात. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि जे दिसलं ते लिहिलं: असा काही संबंध नाही. फिशरनी पदवी दिली, पण श्रेणी सगळ्यात खालची. विज्ञानातलं धाडस म्हणतात ते याला. मोजमाप हातात असताना गुरूला नको असलेलं सत्य लिहायचं. पण लक्षात घ्या, हे धाडस दाखवायला इरावतीबाई आधी त्या प्रयोगशाळेत पोचलेल्या असाव्या लागल्या. दाराबाहेर ठेवलेल्या मुलीला असं काही करून दाखवायची वेळच येत नाही.

अनपेक्षित संधीचं काय? तिचाही विचार असाच करू.

अ‍ॅना मणी केरळच्या, पण त्यांच्या कामाची मोठी वर्षं पुण्याच्या वेधशाळेत गेली, म्हणून त्या आपल्याही. त्यांना भौतिकशास्त्रात पुढं शिकायचं होतं. १९४५ मध्ये इंग्लंडला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासाची. तेवढीच उपलब्ध होती. त्यांनी ती घेतली आणि परत येऊन पुण्यात भारतीय बनावटीच्या हवामान-उपकरणांचा पाया घातला. अचानक आलेल्या संधीचं याहून चोख उदाहरण मिळायचं नाही. पण ही संधी आली तेव्हा त्या काय करत होत्या? बंगळुरूला रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर कित्येक वर्षं काम करून, शोधनिबंध छापून बसल्या होत्या. त्या कामावर डॉक्टरेट मात्र मिळाली नाही, कारण एमएस्सी नव्हती. संधी अनपेक्षित होती, पण माणूस तयारीचा होता आणि तो जिथं असायला हवा तिथं होता.

अदिती पंतांचंही तेच. नागपूरला जन्म, पुण्यात बीएस्सी, अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर हवाई विद्यापीठ, मग लंडनला डॉक्टरेट. वडील अप्पासाहेब पंत, औंधच्या राजघराण्यातले आणि देशाचे राजदूत, म्हणजे दूरचं जग घरात रोज बोलण्यात असणारं. पुढं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. भारताच्या पहिल्या दोन अंटार्क्टिका मोहिमांत एकही बाई नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोघी गेल्या, अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. आता सांगा, १९८१ आणि १९८२ साली या दोघींकडे धाडस नव्हतं आणि १९८३ ला अचानक आलं का? माणसं तीच होती. बदलला तो मोहिमेवर कुणाला न्यायचं याचा निर्णय.

म्हणून मी म्हणते, 'संधी अचानक येते' हे वाक्य फार जपून वापरावं. ती अचानक येते ती प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, विभागप्रमुखांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तिथं जी हजर असते तिला ती दिसते. सूचनाफलकावरचा कागद तिथं रोज जाणारी मुलगी वाचते. तळेगाव ढमढेऱ्याहून शिक्रापूरच्या चौकात येऊन, तिथून नगर रस्त्यानं पुण्याला जाऊन, पाचची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास सोडून पळणारी मुलगी तो वाचू शकत नाही. सेमिनार चारनंतर असतात. चहाच्या वेळी प्राध्यापक सहज सांगतात की अमक्या ठिकाणी एक जागा निघाली आहे. आमची मुलगी तोवर वाघोलीच्या वाहतूककोंडीत उभी असते.

एका मुलीचा प्रसंग सांगते. नाव-गाव सांगत नाही. तळेगावच्या पुढच्या एका वस्तीवरची, बाप टेम्पो चालवणारा, आई शेतावर. चासकमानच्या कालव्याचं आवर्तन आलं की घरी कांदा, नाही आलं की उसनवारी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी तिची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पासाठी निवड झाली. दोन महिन्यांचं काम, विद्यावेतनासह. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डोळ्यांत भीतीचा मागमूस नव्हता. तिनं बॅग कोणाची आणायची हेसुद्धा ठरवलं होतं. तिचा प्रश्न एकच होता: "मॅडम, पैसे सुरुवातीला देतात का शेवटी?" चौकशी केली. पैसे प्रकल्प संपल्यावर, प्रमाणपत्राबरोबर. वसतिगृहात जागा नव्हती, खोली बाहेर बघावी लागणार होती, आणि खोलीवाल्याला अनामत आधी हवी. बापानं दोन ठिकाणी शब्द टाकला. जमलं नाही. ती गेली नाही.

या मुलीच्या समोर उभं राहून तिला धाडसाबद्दल कोण ऐकवणार? बाप तयार होता, मुलगी तयार होती, निवड झाली होती. कमी पडली ती दोन महिन्यांच्या खोलीची अनामत आणि विद्यावेतन आधी देण्याची सोय. ज्यांनी तिची निवड केली त्यांच्या मनात हा प्रश्न आलाच नाही, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना तो पडत नाही. चूक कुणाच्या दुष्टपणाची नव्हती. पण संधी गेली ती गेलीच, आणि पुढच्या मार्चमध्ये तीच मुलगी पुन्हा मांडवात बसून ऐकणार की मुली संधी आली की कचरतात.

यावर हमखास येणारं एक उत्तर मला ठाऊक आहे: खेड्यातल्या, गरिबाघरच्या मुलीही शास्त्रज्ञ झाल्या आहेत की! झाल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांच्यातल्या कुणालाही विचारा. कुणी एक मावशी पुण्यात राहत होती. कुणी शिक्षकानं परीक्षेची फी भरली होती. कुणाच्या मोठ्या बहिणीनं शिक्षण सोडून घर धरलं होतं. त्या अपवादांचा उपयोग बाकीच्यांना मारायला काठीसारखा करू नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण पाण्याबद्दल सहज मान्य करतो. मुलींच्या बाबतीत मात्र कोरड्या आडात पोहरा सोडून त्याच्यावरच ठपका ठेवतो.

दुसरा युक्तिवाद आकड्यांचा. आज देशात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवी शिक्षणात मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात स्त्रिया एक पंचमांशाहूनही कमी. धाडसाचा सिद्धांत खरा मानला तर याचा अर्थ काय लावायचा? एकविसाव्या वर्षापर्यंत मुलींत धाडस असतं आणि नंतर ते नाहीसं होतं? तसं कसं होईल? त्या वयात नाहीशा होतात त्या वेगळ्या गोष्टी. सवलतीचा पास संपतो, वसतिगृहाची मुदत संपते, स्थळं बघायला सुरुवात होते. एमएस्सी, सेट-नेट झालेली मुलगी तासिका तत्त्वावर शिकवू लागते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा. रांजणगाव किंवा सणसवाडीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागते. तिथं ती काम चोख करते, पण संशोधनाचा रस्ता तिथून फुटत नाही. आणि मग मूल होतं.

मूल झाल्यावर काय होतं हे मंगला नारळीकरांनी फार सरळपणे लिहून ठेवलं आहे. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमएला गणितात पहिल्या, कुलपतींचं सुवर्णपदक, लगेच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन. मग लग्न, केंब्रिज, मुली, सासू-सासऱ्यांचं करणं, मुंबईला परत येणं. डॉक्टरेट मिळाली १९८१ मध्ये, लग्नानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, संख्यासिद्धांतात. घराला पहिलं स्थान देऊन जमेल तसं गणित करणाऱ्या आपल्या पिढीतल्या बायकांपैकी आपण एक, अशी त्यांची स्वतःबद्दलची भूमिका होती. मला त्यात कुठंही भित्रेपणा दिसत नाही. दिसते ती एका अव्वल गणितज्ञाची वाटून गेलेली वर्षं. त्या वर्षांत समोर आलेली किती निमंत्रणं, किती परिषदा 'आता नको' म्हणून परत गेली असतील? त्यांचा घरी पाठिंबा असलेला, सुशिक्षित, जगभर मान असलेला संसार होता. तरी एवढं झालं.

मिनल दाखवे-भोसले यांचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. पुण्याच्या मायलॅबमध्ये त्यांच्या चमूनं करोनाच्या चाचणीचा पहिला भारतीय संच सहा आठवड्यांत तयार केला. १८ मार्च २०२० ला तो तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी जन्मली. गरोदरपणात त्रास होऊन त्या दवाखान्यातही राहून आल्या होत्या. या बाईंचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. पण त्या आठवड्यांत ही बातमी ज्या रीतीनं सांगितली गेली ती मला खटकली. दिवस भरत आलेल्या बाईनं प्रयोगशाळेत उभं राहणं हा जणू पुढच्या सगळ्यांसाठी दाखला. आणीबाणीत एखादीनं अंगावर झेललं ते तिचं मोठेपण. नेहमीच्या दिवसांत तेच मापाचं काम समजून इतरांकडून मागणं हा अन्याय. तिचं नाव घेऊन दुसऱ्या बाईची रजा नाकारणारा व्यवस्थापक मला चालणार नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही. केंद्राच्या विज्ञान खात्यानं खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात आणण्याची योजना दोन दशकांपूर्वीच सुरू केली आणि त्यातून कितीजणी परत उभ्या राहिल्या. २०१७ पासून प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली. राज्यात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. या सगळ्याचा परिणाम माझ्या वर्गात दिसतो. फी माफ झाली त्या वर्षी दोन बापांनी मला येऊन विचारलं, पोरीला बारावीनंतर आणखी काय शिकवता येईल? आदल्या वर्षापर्यंत तेच बाप बारावीनंतर बघू म्हणत होते. धाडसाचं व्याख्यान त्यांना कुणी दिलं नव्हतं. खर्च हलका झाला, माणसं मोकळी झाली. माझ्या म्हणण्याचा याहून पक्का पुरावा मला देता येणार नाही.

'तुम्ही मुलींना दुबळं करता आहात, परिस्थितीचं कारण त्यांच्या हातात देता आहात,' असा आरोप माझ्यावर झालेला आहे. तो मी मान्य करत नाही. विहिरीवर मोटर चालू करायला रात्री वीज येईल तेव्हा बॅटरी घेऊन बिबट्याच्या रानात जाणारी मुलगी मला परिचयाची आहे. शिरूर-जुन्नरच्या उसात बिबट्या म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी नसते, घराच्या मागचा प्रश्न असतो. भर पावसात उघड्या टेम्पोतून परीक्षेला येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ठरलेलं लग्न मोडायला लावून पेपर दिलेली एक मुलगी आज तालुक्याबाहेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. यांना धाडस शिकवायला मी कोण? ज्या गोष्टीची टंचाई नाही ती वाटत बसण्यापेक्षा जिची आहे ती द्यावी.

आणि आमच्या या भागाला विज्ञान परकं नाही. याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढं कितीतरी वर्षं डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय पेरत, काय खात, त्यांची लहान मुलं कशानं दगावत, हे त्यांच्या हाडांतून वाचलं. तिथल्या बालकांच्या सांगाड्यांचा आणि बदलत्या हवामानाचा संबंध ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेनं तपासून २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सातासमुद्रापलीकडची बाई आमच्या मातीतल्या हाडांवर ग्रंथ लिहिते, ही चांगलीच गोष्ट आहे. शिरूरच्या किती मुलींना त्या जागेवर नेऊन कुणी दाखवलं की हेही विज्ञान असतं आणि यावरही आयुष्य काढता येतं?

पावसाचंच घ्या. तालुक्याचा पूर्वभाग अवर्षणाचा. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळांनी हार्वर्डहून गणितात डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन मान्सून हाच आयुष्याचा विषय केला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ढगांचा पट्टा पावसाळ्यात समुद्रावरून जमिनीकडे कसा पुन्हा पुन्हा सरकतो, हे त्यांनी आणि डी. आर. सिक्कांनी १९८० मध्ये मांडलं. पुढं त्या कोरडवाहू शेतकऱ्यांत जाऊन बसल्या आणि पेरणी कधी केली तर पावसाच्या खंडातून पीक वाचेल याचा हिशेब त्यांच्याबरोबर केला. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. आषाढ कोरडा गेला की काय होतं हे आमच्या मुलींना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. गाडगीळबाईंच्या कामाला पुढं न्यायला याहून योग्य मुली कुठं मिळतील? पण त्यांच्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकलं आहे, हे मला विचारायलाही नको वाटतं.

तेव्हा धाडस मागायचंच असेल तर ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्याकडे मागा. विभागप्रमुखांनी लग्न झालेल्या मुलीला 'तुम्ही पूर्ण कराल का?' हा प्रश्न न विचारता संशोधनाला घेण्याचं धाडस करावं. प्रयोगशाळांनी विद्यावेतनाचा पहिला हप्ता रुजू होण्याआधी द्यावा. संस्थाचालकांनी बारावीच्या प्रॅक्टिकलची कपाटं परीक्षेपुरती न उघडता वर्षभर उघडी ठेवावीत आणि जर्नल उतरवून घेण्याऐवजी मुलींच्या हातात ब्युरेट द्यावी. शिरूर आगारानं पुण्याहून तळेगावकडे येणारी एक गाडी रात्री आठनंतरची ठेवावी. बापांनी एकदा, लग्नाच्या खर्चाचा आकडा ठरवण्याआधी, मुलीला दोन वर्षं पुण्यात ठेवायला किती लागतात याचा हिशेब कागदावर मांडावा. यातलं एकही काम अचाट नाही. प्रत्येकात कुणाला तरी थोडा धोका पत्करावा लागतो, पैशाचा, पदाचा किंवा लोक काय म्हणतील याचा. तो मुलीच एकट्यांनी का पत्करायचा?

तळेगाव ढमढेऱ्याच्या ग्रामसभेला माझी एक विनंती आहे. इथून दीडदोन तासांवर जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस महाकाय अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर काम करायला येतात, आणि विज्ञान दिनाला तिथं शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन भरतं. पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांवर आणि मांडवावर जो खर्च होतो तो वाचवून आठवी ते बारावीच्या मुलींची एक गाडी खोडदला काढा. परतताना अंधार होईल, म्हणून बरोबर चार आया घ्या, त्यांनाही दुर्बीण बघू द्या. पहिल्या वर्षीचं डिझेल मी देते. दुसऱ्या वर्षीचं कोण देणार, त्यानं सभेत हात वर करावा.